लायसन्स नंबर 1 : जेआरडी आणि त्यांची इंजिनं

मित्रांनो, जेआरडी टाटा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भारतरत्न, टाटा ग्रुप, एअर इंडिया, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला येणाऱ्या कंपन्या! पण आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल की या माणसाकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. ती त्यांना हवी होती, पण मिळाली नाही. आणि तरीही आयुष्यभर त्यांचं नातं इंजिनाशीच राहिलं. म्हणून या अंकासाठी मी जेआरडींच्या आयुष्याकडे मेकॅनिकलच्या चष्म्यातून बघायचं ठरवलं. बाकी गोष्टी पुस्तकांत भरपूर आहेत. इथे आपण बोलू ते त्यांच्या विमानांबद्दल आणि त्या विमानांच्या पोटातल्या तापट इंजिनांबद्दल.

बालपण आणि ब्लेरिओ

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसला झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं. बालपण निम्मं फ्रान्समध्ये, निम्मं मुंबईत गेलं. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावात टाटांचं सुट्टीतलं घर होतं, आणि शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ! 25 जुलै 1909 रोजी इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा तो हाच.

ब्लेरिओच्या त्या विमानाला तीन सिलेंडरचं, हवेने थंड होणारं, जेमतेम 25 हॉर्सपॉवरचं अंझानी इंजिन होतं. ते थोडा वेळ चाललं की तापायचं आणि दम टाकायचं. खाडीच्या मध्यावर पावसाची सर आली, इंजिन थंड झालं आणि विमान पलीकडे पोचलं असं सांगतात. गोष्टीत थोडं तिखटमीठ असेलही, पण एक मुद्दा त्यात पक्का आहे. त्या काळात विमान उडवणं म्हणजे अर्धं उडवणं आणि अर्धं इंजिनाचं तापमान सांभाळणं!

समुद्रकिनाऱ्यावर उतरणारी विमानं बघत वाढलेल्या या मुलाने पंधराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात चक्कर मारली आणि आपणही पायलट व्हायचं हे मनाशी नक्की केलं.

डिग्री राहूनच गेली

पुढे त्यांना केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचं होतं. त्याआधी फ्रेंच नियमाप्रमाणे 1924 मध्ये एक वर्ष सैन्यात काढावं लागलं. तिथेच आणखी काही दिवस राहायची त्यांची इच्छा होती, पण वडिलांनी नाही म्हटलं. तीच घोडदळाची तुकडी नंतर मोरोक्कोत मारली गेली. वडिलांच्या एका नकारामुळे मुलगा वाचला. पण त्याच वडिलांनी केंब्रिजलाही नकार दिला आणि 1925 च्या डिसेंबरात त्यांना टाटांच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. बावीस वर्षांच्या पोरावर घराची जबाबदारी आली आणि कॉलेजचा विषय कायमचा संपला. या गोष्टीची खंत त्यांना शेवटपर्यंत होती. आपण इथे सबमिशनच्या नावाने बोटं मोडतो तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

1928 साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला तसे जेआरडी जुहूला जाऊ लागले. शिक्षकाबरोबर फक्त 3 तास 45 मिनिटं उडून ते एकट्याने विमान घेऊन वर गेले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं. त्यावर नंबर होता 1. जमिनीवर त्यांच्याकडे बुगाटी गाडी होती आणि ती ते अशी चालवायचे की पोलीस केस झाली. त्या निमित्ताने ज्या वकिलाकडे जावं लागलं त्याची भाची थेल्मा विकाजी पुढे, 1930 साली, त्यांची पत्नी झाली. म्हणजे ओव्हरस्पीडिंगचा एकमेव फायदा झालेला माणूस बहुतेक हाच! (हॉस्टेलच्या बाइकवाल्यांनी यातून बोध घेऊ नये.)

आठ प्लगांची गोष्ट

1930 मध्ये आगाखानांनी एक बक्षीस लावलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर महिन्याच्या आत एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंड. तिघे उतरले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. जेआरडी मे महिन्यात कराचीहून जिप्सी मॉथ घेऊन इंग्लंडकडे निघाले. अस्पी उलट बाजूने, इंग्लंडहून भारताकडे येत होता. अस्पी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता.

इजिप्तमध्ये अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडींकडे होते. स्पर्धा होती, समोरचा प्रतिस्पर्धी जागेवर खिळलेला होता, गप्प बसून पुढे निघून गेले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी प्लग काढून दिले. अस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. अस्पी कराचीला पोचला आणि थोड्याच तासांच्या फरकाने स्पर्धा जिंकला. हाच अस्पी इंजिनिअर पुढे डिसेंबर 1960 मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता आपल्याला प्रश्न पडेल की प्लगसाठी विमान अडून कसं बसतं? इथे आपला विषय येतो.

जिप्सी मॉथचं इंजिन सुमारे 100 हॉर्सपॉवरचं, चार सिलेंडरचं, हवेने थंड होणारं. प्रत्येक सिलेंडरला दोन असे आठ प्लग. कार्बोरेटर जमिनीवरच्या हवेला जुळवलेला. विमान वर गेलं की हवा विरळ होते, पण कार्बोरेटर पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. म्हणजे मिक्स्चर आपोआप रिच होतं. जास्तीचं पेट्रोल नीट जळत नाही आणि प्लगवर काजळी धरते. आपल्याकडे जुन्या कार्बोरेटरवाल्या स्प्लेंडरचा प्लग काढून मिस्त्री काय म्हणतो? प्लग काळा पडलाय, पेट्रोल जास्त पितीय. पांढरा फटक असेल तर म्हणतो गाडी गरम होतीय, पेट्रोल कमी पडतंय. आणि विटकरी-तपकिरी असेल तर झकास! विमानाचंही शास्त्र हेच आहे. फरक एवढाच की बाइक बंद पडली तर ढकलत नेता येते.

म्हणून विमानाच्या इंजिनाला थ्रॉटलच्या जोडीला मिक्स्चरचा वेगळा लिव्हर असतो. वर गेल्यावर पायलटने तो ओढून पेट्रोल कमी करायचं. किती? त्या काळच्या छोट्या विमानात एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर नव्हता. कानाने इंजिनाचा आवाज ऐकायचा, डोळ्याने आरपीएम बघायचे, आकडा किंचित पडायला लागला की थांबायचं.

गुऱ्हाळ आणि सिलेंडर

मिक्स्चर आणि तापमान यांचं नातं आपल्याला व्हायवात हमखास विचारतात आणि आपण हमखास ठोकून देतो की लीन केलं की इंजिन तापतं. हे अर्धंच खरं आहे.

कोल्हापूरकरांना गुऱ्हाळ सांगायला नको. चुलवाणात चिपाड टाकणारा जळव्या असतो. त्याने एकदम भरमसाट चिपाड कोंबलं तर काय होतं? धूर होतो, आच मंदावते. फारच कमी टाकलं तरी आच मंदावते. कढई सगळ्यात जास्त कधी तापते? जळण आणि हवा यांचा मेळ बसतो तेव्हा. सिलेंडरमध्येही तसंच. वजनाने सुमारे 15 भाग हवा आणि 1 भाग पेट्रोल हे प्रमाण असताना जवळपास सगळं पेट्रोल आणि सगळा ऑक्सिजन वापरला जातो, आणि एक्झॉस्टचं तापमान इथेच सर्वात जास्त असतं. याला पीक म्हणतात. याच्या रिच बाजूला गेलं तर जादा पेट्रोल उष्णता शोषतं, म्हणून तापमान उतरतं. लीन बाजूला गेलं तर जादा हवा उष्णता शोषते आणि जळणही हळू होतं, म्हणून तिकडेही तापमान उतरतं. म्हणजे ग्राफ डोंगरासारखा आहे, दोन्हीकडे उतार.

गंमत अशी की सिलेंडर हेडचं तापमान नेमकं त्याच शिखरावर सर्वात जास्त नसतं. ते थोडं रिच बाजूला असतं, कारण तिथे ज्वाला जास्त वेगाने पसरते आणि पिस्टन वर असतानाच सिलेंडरमधला दाब फार चढतो. सर्वात जास्त ताकद मिळते ती याहून थोडी आणखी रिच बाजूला, साधारण 12.5 ते 13 भाग हवेला 1 भाग पेट्रोल असताना. म्हणून फुल रिच वरून जरासंच लीन करून थांबणारा पायलट इंजिनाला नेमक्या वाईट जागी नेऊन ठेवतो. आणि घोळ होतो तो इथे.

दुसरी बाजू पॉवरची. मिनिटाला जितकं जास्त पेट्रोल जाळू तितकी जास्त उष्णता, आणि त्यातली साधारण एक तृतीयांशच पंख्यापर्यंत कामाला येते. उरलेली एक्झॉस्टमधून, फिन्समधून आणि ऑइलमधून बाहेर काढावी लागते. टेकऑफला थ्रॉटल पूर्ण, विमानाचा वेग कमी, फिन्सवरून जाणारी हवाही कमी. म्हणजे उत्पन्न जास्त आणि निचरा कमी! अशा वेळी लीन केलं तर डेटोनेशन होतं, पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून टेकऑफला मुद्दाम रिच ठेवतात, जादा पेट्रोल तिथे कूलंटचं काम करतं. वर जाऊन पॉवर कमी केली, वेग आला, की मग लीन करणं सुरक्षित असतं. आजच्या लायकमिंग इंजिनांना सिलेंडर हेडची कमाल मर्यादा 500 फॅरनहाइट, म्हणजे 260 सेल्सिअस असते, आणि पायलट त्याच्या बरंच खाली राहतात, कारण ॲल्युमिनियमची ताकद त्याच्या आधीच ढासळायला लागते.

15 ऑक्टोबर 1932

आता परत जेआरडींकडे. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला माजी पायलट टाटांकडे एक योजना घेऊन आला. लंडनची टपाल विमानाने कराचीपर्यंत येत होती, ती पुढे मुंबई आणि मद्रासला न्यायची. जेआरडी भारावले, पण पैसे देणार होते सर दोराबजी टाटा, आणि ते काही उत्सुक नव्हते. जॉन पीटरसन या ज्येष्ठ अधिकाऱ्याने शब्द टाकला तेव्हा दोन लाख रुपयांना मंजुरी मिळाली. दोराबजी जून 1932 मध्ये वारले, पहिलं उड्डाण त्यांनी पाहिलं नाही.

त्या सकाळी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकटे निघाले. विमान पस मॉथ, इंजिन जिप्सी थ्री, 120 हॉर्सपॉवर. हे इंजिन उलटं बसवलेलं होतं, म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलेंडर खाली. त्यामुळे पायलटला समोरचं नीट दिसायचं. जवळ टपाल होती 25 किलो. रेडिओ नाही, दुसरं इंजिन नाही. खाली कच्छचं रण, पुढे गुजरात, मग समुद्राचा किनारा. एक व्हॉल्व्ह जळला किंवा प्लग गेले तर जिथे असाल तिथे खाली! अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. तिथे बर्मा शेलचे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला विमान जुहूच्या मैदानावर उतरलं. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट सह्याद्री ओलांडून बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारताची पहिली एअरलाइन अशी सुरू झाली. एक बैलगाडी आणि एक विमान, दोघांनी मिळून!

जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. तरीही टपाल वेळेवर पोचायची आणि तिच्या वक्तशीरपणाचं सरकारी खात्याने कौतुक केलं. सरकारी अनुदान मात्र मिळालं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक गॅलन पेट्रोल आणि प्रत्येक ओव्हरहॉलचा हिशेब कंपनीच्या खिशातून होता. पेट्रोल वाचवायला जावं तर इंजिन तापायची भीती, इंजिन जपावं तर पेट्रोल जातं. एअरलाइनचा धंदा या दोन्हींच्या मधून चालतो. उडायचं वेड हळूहळू आपल्या भागातही पसरत होतं. उजळाईवाडीचं आपलं विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1939 मध्ये सुरू झालं.

1938 साली, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. ज्याच्याबरोबर स्वप्न सुरू केलं तो व्हिन्सेंट 1942 मध्ये युद्धात विमानासह गेला.

याच युद्धात लीन मिक्स्चरचा सगळ्यात प्रसिद्ध धडा शिकवला गेला. 1927 मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग 1944 मध्ये पॅसिफिकमध्ये अमेरिकन पायलटांबरोबर पी-38 विमानं उडवत होता. सगळे एकत्र परत यायचे, पण त्याच्या टाकीत जास्त पेट्रोल उरलेलं असायचं. त्याची युक्ती साधी होती. आरपीएम बरेच कमी, मॅनिफोल्ड प्रेशर थोडं जास्त आणि मिक्स्चर लीन. बाकीच्यांना वाटायचं इंजिनं जळतील. मेकॅनिकांनी तपासली तर इंजिनं ठणठणीत! पॉवर मर्यादेत असेल तर लीन मिक्स्चर इंजिन मारत नाही, हे डोळ्यांनी दिसलं.

अठरा सिलेंडरचा राग

8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. जेआरडी स्वतः प्रवाशांत होते. विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार इंजिनं, प्रत्येकाला अठरा सिलेंडर आणि सुमारे 2500 हॉर्सपॉवर. म्हणजे बाहत्तर सिलेंडर! राइट कंपनीचं हे 3350 इंजिन तापण्यासाठी बदनाम होतं. युद्धात बी-29 बॉम्बरवर त्याला वारंवार आगी लागल्या होत्या. कारण समजायला सोपं आहे. नऊ-नऊ सिलेंडरच्या दोन रांगा एकामागे एक. पुढच्या रांगेला ताजी हवा मिळते, मागच्या रांगेला पुढच्यांनी आधीच गरम केलेली. मेसमध्ये शेवटच्या बॅचला जे मिळतं तेच!

म्हणून या विमानात फ्लाइट इंजिनिअर नावाचा वेगळा माणूस बसायचा. चार इंजिनांची तापमानं, मिक्स्चर आणि हवा आत-बाहेर सोडणारे काउल फ्लॅप हे सगळं त्याच्या हाती. फ्लॅप जास्त उघडले तर इंजिन थंड, पण हवेचा अडथळा वाढून पेट्रोल जास्त. कमी उघडले तर उलट. मुंबई ते लंडन सगळा प्रवास तो या तराजूवर असायचा.

ही कंपनी जेआरडींनी जगात नावाजली जाईल अशी उभी केली. विमानातल्या चहापासून टॉयलेटच्या स्वच्छतेपर्यंत सगळ्यावर ते स्वतः टिपणं काढून पाठवायचे. 1953 मध्ये सरकारने एअरलाइन्स ताब्यात घेतल्या. त्यांना ते पटलं नाही, तरी अध्यक्ष म्हणून ते बिनपगारी काम करत राहिले. 1960 मध्ये बोइंग 707 जेट आली आणि दोन वर्षांत एअर इंडियाच्या ताफ्यात फक्त जेट उरली. पिस्टन इंजिनांचा जमाना संपला. फेब्रुवारी 1978 मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. मूल वाढवलं आणि घराबाहेर काढलं, असाच तो प्रकार होता. पण त्यांनी आदळआपट केली नाही.

पुन्हा एकदा जिप्सी

15 ऑक्टोबर 1982. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. जेआरडींचं वय 78. त्यांनी एक जुनं लेपर्ड मॉथ विमान घेतलं, जिप्सी मेजर इंजिन, 130 हॉर्सपॉवर, आणि कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला एकट्याने उडत आले. तोच मार्ग, तसंच एकटं इंजिन. देशातल्या तरुणांचा उत्साह मावळत चाललाय असं त्यांना वाटत होतं, आणि भाषण देण्याऐवजी त्यांनी उडून दाखवलं. 78 व्या वर्षी!

1992 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं आणि जन्मगाव पॅरिसमध्येच त्यांचं दफन झालं. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते बघायला ते नव्हते.

मित्रांनो, जेआरडींना डिग्री मिळाली नाही, आपल्याला मिळेल. पण डिग्री असूनही प्लगचा रंग वाचता येत नसेल, ग्राफ पाठ आहे पण तो डोंगर का होतो ते सांगता येत नसेल, तर काय उपयोग? आणि सगळं येत असूनही अबुकीरला अडकलेल्या प्रतिस्पर्ध्याला आपले प्लग काढून द्यायची दानत नसेल, तर त्याचाही काय उपयोग? येत्या परीक्षेत शेजारच्या खोलीतल्या कुणाला नोट्स हव्या असतील तर एवढं आठवा. ज्याने प्लग दिले तो स्पर्धा हरला, पण आज लेख त्याच्यावर लिहिला जातोय.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी